नीराकाठची वादविद्या

भाद्रपद सरत येतो, आडसाली लागणी उरकलेल्या असतात आणि गाळपाला अद्याप महिना-दीड महिना अवकाश असतो, अशा त्या मधल्या, काहीशा रिकाम्या दिवसांत बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत सभांचा मोसम सुरू होतो. सोमेश्वरनगरचा सोमेश्वर, शिवनगरचा माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती या तिन्ही सहकारी साखर कारखान्यांना कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा बोलवावी लागते; आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने प्रत्येक सभासदास, त्याचे भाग कितीही असोत, एकच मत दिलेले असल्यामुळे वीस गुंठ्यांचा धनी आणि वीस एकरांचा बागायतदार हे त्या मांडवात निदान कागदोपत्री तरी एका तोलाचे ठरतात. अहवालाचे पुस्तक आठ-पंधरा दिवस आधी घरी आलेले असते. ते सर्वच वाचतात असे नव्हे. परंतु वाचणारे काही असतात, आणि त्यांतील एखादा उठून अमुक पानावरील मळीची विक्री आणि तमुक पानावरील दुरुस्तीखर्च यांचा मेळ कसा बसतो, एवढाच प्रश्न शांतपणे विचारतो, तेव्हा व्यासपीठावरील मंडळींना जो खुलासा करावा लागतो, त्याला मी तरी आपल्या प्रांतातील युक्तिवादाचे अस्सल शिक्षण समजतो.

हे म्हणणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून एक जिव्हाळ्याचा वाद थोडा तपशिलाने पाहू. नीरा नदीपलीकडे, फलटण तालुक्यात, पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. या केंद्राने प्रचारात आणलेल्या वाणांपैकी ‘को ८६०३२’ आणि ‘फुले २६५’ ही दोन नावे या टापूत पोराटोरांनाही पाठ असतात. २६५ ला टनेज उत्तम पडते आणि तो खारवट जमिनीतही तग धरतो, म्हणून शेतकऱ्याचा त्यावर लोभ. परंतु तो उशिरा पक्व होतो, लवकर तोडला तर साखर उतारा कमी मिळतो, म्हणून कारखान्याच्या शेतकी विभागाचा ओढा ८६०३२ कडे. वरवर पाहता हा सभासद विरुद्ध कारखाना असा सरळ तंटा दिसतो. वस्तुतः तसे नाही; कारण एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरते ती संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे, असा केंद्र सरकारचा हिशेब आहे. तेव्हा एकाने अपक्व २६५ घातला, तर वजनाचा लाभ त्याला एकट्यास मिळतो आणि उताऱ्याची झळ मात्र सर्वांस वाटून सोसावी लागते. उलट, ज्याची जमीनच चोपण आहे, त्यास ८६०३२ लाव असे सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या उताऱ्यासाठी आपले उत्पन्न सोडण्याचा हुकूम देणे होय. दोन्ही बाजूंस आधार आहे. अशा वादात आवाज चढवून भागत नाही. लागण कोणत्या महिन्यातली, तोडणी कार्यक्रमात तिचा नंबर कधी लागणार, हे सारे मुद्दे एकेक करून निकालात काढावे लागतात. आणि चावडीवर, गट ऑफिसात, ऊस भरताना चिटबॉयशी बोलताना ते तसे काढले जातातही.

असे वाद चालवण्याची रीत या भूमीला नवी नाही. मराठेशाहीत वतनाचा कज्जा उभा राहिला, म्हणजे गोतसभेपुढे अग्रवादी आणि पश्चिमवादी या दोघांच्या तकरिरी लिहून घेत, निवाडा मान्य करू असे दोघांकडून आधीच लिहून घेत, जामीन घेत, साक्षी-पुराव्याची रुजुवात करीत आणि मग महजर होई. पुरावा खुंटला तर दिव्याचा मार्ग असे, आणि तो आपणांस आज शोभण्यासारखा नाही, हे उघड आहे. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे दप्तरात नोंदल्यावाचून निवाडा लिहायचा नाही, हा दंडक मात्र विसरण्यासारखा नव्हता. बारामतीचे पुराणिक आणि महाकवी मोरोपंत (१७२९-१७९४) हे याच व्यवहारी युगातले. पन्हाळ्यास जन्मलेला हा पुरुष बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी स्थिरावला. आणि त्यांची ‘केकावली’ भक्तिकाव्य म्हणून सर्वत्र वाखाणली जात असली, तरी तिची बांधणी वकिलाच्या कैफियतीसारखी आहे : देवाने पूर्वी कोणाकोणाचा उद्धार केला त्यांचे दाखले पुढे ठेवायचे, देवाकडून येऊ शकणारी हरकत स्वतःच उच्चारायची आणि तिचे निरसन करायचे. देवाशीही वाद घालताना पंतांनी प्रतिपक्षास बोलू दिले आहे.

न्यायशास्त्राने कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन भेद केले. तत्त्व जाणण्याच्या इच्छेने चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा खोडायचा, ती वितंडा. आपल्या शिक्षणाचा प्रवास पहिल्याकडून दुसऱ्याकडे कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा इंग्रजी सभाशास्त्र आणि एतद्देशीय विषय यांची सांगड घालावी, हा तिचा हेतू होता, आणि एका पिढीला तिने बोलके केले यात शंका नाही. तथापि पुढे गावोगावच्या शाळांत जी वक्तृत्व स्पर्धा रूढ झाली, तिच्यात बोलणाऱ्यापुढे उत्तर देणारा कोणी नसतोच. असतात ते परीक्षक, ढाल आणि घंटा. शिक्षकांनी लिहून दिलेले पाच मिनिटांचे भाषण हातवाऱ्यांसह पाठ म्हणणारे मूल मला नेहमी करुणास्पद वाटत आले आहे. वादविवाद स्पर्धेत निदान दुसरा पक्ष असतो, परंतु तेथेही कोणता पक्ष घ्यायचा हे पुष्कळदा चिठ्ठीने ठरते आणि समोरच्याच्या बोलण्याने आपले मत बदलले, असे म्हणणाऱ्यास गुण देण्याची सोय नाही. दहावीच्या मराठीत हल्ली उपयोजित लेखन आले. त्यात विद्यार्थी जाहिरात तयार करतो. मन वळवण्याची कला शिकवायला हरकत नाही. पण जाहिरातीला उलट प्रश्न कसा विचारावा, हे त्यासोबत शिकवले असते, तर बरे झाले असते.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात झालेला एक प्रयोग आता जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. १९५६ साली, युनेस्कोच्या साहाय्याने, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे जिल्ह्यासह पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून तो ऐकत. आणि खरी मौज यापुढे होती, ती अशी की रेडिओ बंद झाल्यावर मंडळी त्यावर चर्चा करीत, शंका लिहून काढीत आणि तो कागद पुण्याला पाठवीत, जेणेकरून पुढील कार्यक्रमात त्यांस उत्तर मिळे. टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल नॉयराट या समाजशास्त्रज्ञाने प्रयोगाची तपासणी केली. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे निवडली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओही नाही अशी. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अल्पच होती. यंत्र तेच, निवेदक तेच, शब्दही तेच. अंतर पाडले ते उलट बोलण्याच्या मुभेने. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. परंतु विस्तारात बहुधा जे होते तेच झाले : ऐकवणे टिकले, शंकेचा कागद मागे पडला. आज हातोहाती असलेल्या भ्रमणध्वनीवर पीकसल्ल्याचे संदेश रोज येतात, आणि ते पाठवणाऱ्यांपैकी थोड्यांनीच १९५६ च्या त्या तपासणीचे निष्कर्ष पाहिले असावेत.

उसाच्या मुलखात भाषणापेक्षा बांधावरचे प्रात्यक्षिक अधिक पटते, असे म्हणण्याची रीत आहे. ती अर्धीच खरी. १८८५ साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी वाहू लागले. पुढे शतकाच्या वळणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी येथे पाण्याच्या वाटपाची ब्लॉक पद्धत योजली, ती काही कोणी प्लॉट पाहून स्वीकारली नाही. मुबलक पाण्याची चटक लागलेल्यांचा तिला विरोध होता, आणि पाणी अधिक क्षेत्रावर फिरवल्याने एकूण लाभ वाढतो हे हिशेबानेच पटवावे लागले. प्रवरेच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील भाग गोळा करीत गावोगाव हिंडले, तेव्हाही दाखवायला कारखाना नव्हताच. होती ती विखे पाटलांची पत आणि धनंजयराव गाडगिळांचे अर्थशास्त्र. बारामतीच्या कृषी विकास संस्थेने अलीकडे उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो उपक्रम आरंभला आहे, त्याचे प्लॉट पाहायला शेतकरी येतात. परंतु पाहून परतणारा प्रत्येक जण वाटेत खर्चाचाच आकडा घोळवीत असतो, आणि त्या आकड्याचे समाधान प्लॉट करीत नाही, माणसाला करावे लागते.

सर्वसाधारण सभेचे गुणगान येथवर केले. तिची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. विषयपत्रिकेतील अडचणीचा ठराव वाचून होतो न होतो तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठतो आणि पाठीमागून आलेला ‘नामंजूर’ त्यात विरतो, हे कित्येक सभांत घडते. ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती द्यायचा, हे ज्याच्या हाती तोच निम्मा वाद जिंकतो. सभासद स्त्रियांची नावे सातबारावर आणि भागपत्रावर वाढली, पण मांडवात त्या अद्याप तुरळक दिसतात. आणि ज्याच्या कोयत्यावाचून उताऱ्याचा, एफआरपीचा आणि वाणाचा हा सारा वाद निरर्थक ठरावा, तो बीड-अहिल्यानगरकडून येणारा तोडणी मजूर सभासद नसल्यामुळे या सभेत त्याला मतही नाही आणि प्रश्नही नाही. त्याच्या दराचा फैसला संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटीत होतो. जानेवारी २०२४ मध्ये तेथे ३४ टक्क्यांची वाढ ठरली, आणि त्याआधी त्याला कोयता बंद ठेवण्याचा इशारा द्यावा लागला होता.