डब्यातल्या गावाचे साक्षीदार

सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या एखाद्या काकांना विचारा, "तुमचा ग्रुप कोणता?" उत्तरात आडनाव येणार नाही, गाव किंवा कंपनीही येणार नाही. एक वेळ येईल, मिनिटासकट: "आमची आठ-बाराची." फार तर पुढे डबा आणि दार सांगतील. माणसांनी आजवर नदीवरून, डोंगरावरून, देवावरून, धंद्यावरून आपली ओळख ठरवली. ठाणे-कल्याण पट्ट्यात ती रेल्वेच्या वेळापत्रकातल्या एका मिनिटावरून ठरते. आठ-बाराची माणसं आठ-सोळाच्या माणसांना ओळखत नाहीत. त्यांचे वाढदिवस वेगळे, चहाची वर्गणी वेगळी, दसऱ्याचं तोरणसुद्धा वेगळं.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि लोकलमधले ग्रुप हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. उपसंस्कृती म्हटलं की डोळ्यांपुढे रंगवलेले केस आणि कर्कश गिटार येतात. अभ्यासकांनी मात्र या कल्पनेत बरंच काही सामावून घेतलं आहे. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर स्वतः शिकागोच्या बारमध्ये पियानो वाजवायचा. १९६३ सालच्या 'आउटसायडर्स' या पुस्तकात त्याने नाचघरांत वाजवणाऱ्या वादकांबद्दल लिहिलं. संगीत न कळणाऱ्या गिऱ्हाइकांना हे वादक 'स्क्वेअर' म्हणत आणि त्यांच्यापासून लांब बसत. आपली भाषा, आपले नियम, 'आपले' आणि 'बाहेरचे' यांच्यातली रेघ, एवढं असलं की उपसंस्कृतीला पुरे. आता कल्याणहून सुटणाऱ्या फास्ट गाडीचा डबा पाहा. फोर्थ सीट, विंडो, डबल फास्ट, रिटर्न येणं (बसायला जागा मिळावी म्हणून उलट्या दिशेने जाऊन त्याच गाडीत बसून परत येणं): भाषा तयार आहे. "ही गाडी मुलुंडला थांबते का हो?" असं फास्टमध्ये विचारणारा बाहेरचा, हे चेहऱ्यांवरून तत्काळ कळतं. नियम तर इतके सूक्ष्म आहेत की मी थक्क होते.

लेडीज डब्यातलाच एक नियम घ्या. ठाण्याला चढलेली बाई बसलेल्या बाईला विचारते, "कुठे उतरणार?" उत्तर येतं, "घाटकोपर." त्या क्षणी घाटकोपरनंतरची ती जागा विचारणारीच्या नावावर लागते. आणखी कुणी विचारलं तर बसलेली बाई सांगते, "दिलीय मी." मग ही तिसरी आधी विचारणारीकडे वळते: "तुम्ही कुठे?" "दादर." म्हणजे दादरनंतर ती जागा तिसरीची. एका बाकाच्या तुकड्यावर तीन-तीन हक्कांची साखळी लागते. कागद नाही, पावती नाही, पंच नाही. साक्षीला फक्त आजूबाजूचे कान. शेजारी कुणाची भाजी निवडून चाललेली असते, जानेवारीत हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवणही याच डब्यात होतं. आणि हे सगळं ज्या गर्दीत चालतं, तिला रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात: एका चौरस मीटरमध्ये उभे १४ ते १६ प्रवासी.

या नियमाचा पुरावा मात्र कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. रेल्वेकडे तिकिटांची, पासांची, फेऱ्यांची, अपघातांची नोंद असते. "दिलीय मी" या दोन शब्दांची नसते. माझा विषय इथे खरा सुरू होतो. जे गाव नकाशावर नाही, रोज सकाळी वसतं आणि तासाभराने उठतं, त्याच्याबद्दल कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा?

लिहिलेलं सगळंच पक्कं असतं, हा भ्रम आपल्याच ठाणे स्टेशनने दूर करावा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित. देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीची ही माहिती शाळेतली मुलंही सांगतात. पण ती गाडी ठाण्याला किती वेळात पोचली? काही ठिकाणी ५७ मिनिटं छापलेली आढळतात, काही ठिकाणी सव्वा तास. इतक्या गाजलेल्या प्रवासाचं हे! मग विचारावं लागतं: हा नुसता धावण्याचा वेळ की थांब्यांसकट? घड्याळ कुणी पाहिलं? आकडा त्याच आठवड्यात लिहिला गेला की पन्नास वर्षांनी दुसऱ्या पुस्तकातून उचलला? दहा जणांनी एकाच जागेवरून उतरवून घेतलं असेल, तर ते दहा साक्षीदार ठरत नाहीत. साक्षीदार एकच राहतो.

आता ग्रुपकडे परत येऊ. वर्तमानपत्रांच्या जुन्या कात्रणांत ग्रुप दोनच प्रसंगी दिसतात: दसऱ्याला आणि मारामारीला. दसऱ्याच्या सुमारास झेंडूच्या माळा, डब्याची पूजा, पेढे. एरवी 'टोळ्यांची दादागिरी'. बातमीत वर्षातले दोन टोकाचे दिवस येतात, मधले तीनशे साधे दिवस येतच नाहीत. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात मॉड्स आणि रॉकर्स या तरुणांच्या गटांत झालेल्या गडबडीच्या बातम्या तपासल्या आणि १९७२ साली त्यावर 'फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स' हे पुस्तक लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: बातम्यांत एकवचनाचं अनेकवचन होतं. एक होडी उलटली की छापून येतं, होड्या उलटल्या. तेव्हापासून 'टोळ्या' वाचलं की मी थांबते. किती टोळ्या? कोणती गाडी? बातमीदाराला कुणी सांगितलं? ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्यापैकी एकाशी तरी कुणी बोललं का?

पण या प्रश्नांच्या आडून ग्रुपला निर्दोष ठरवणं ही अभ्यासातली बेइमानी होईल. दिवा किंवा मुंब्र्याच्या फलाटावर उभं राहून सकाळची एखादी गाडी पाहा. ती कल्याण-डोंबिवलीहून भरून येते, आणि दारातली ओळखीची माणसं अनोळखी माणसाला जागा देतीलच असं नाही. आत बसलेला ज्याला 'आमचं घर' म्हणतो, तेच बाहेरच्याला भिंतीसारखं लागतं. दोघंही खरं सांगत असतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १५५ सांगतं की अनारक्षित डब्यात दुसऱ्याला चढू न देणाऱ्या प्रवाशाला २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा साऱ्या देशासाठी आहे, आपल्या लोकलवर पाहणी करून तो लिहिलेला नाही. तेव्हा डोंबिवलीत काय घडतं याचा पुरावा म्हणून तो चालणार नाही. सत्तेला डब्यातलं कोणतं वागणं गुन्हा वाटतं, एवढंच त्यातून कळतं. तेही मोलाचं आहे.

दारात लटकणाऱ्यांचं तसंच. त्यांना 'स्टंटबाज' म्हणणं सोपं पडतं, आणि काही जण तसे असतातही. पण ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या शेजारून जात असताना प्रवासी खाली पडले, त्यातल्या किमान चौघांचा जीव गेला. दारातली ती माणसं रोजच्या प्रवासाला निघाली होती. 'हौस म्हणून लटकतात' असं जिथे लिहिलेलं असेल, तिथे लिहिणारा कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने प्रवास करत होता, हे आधी तपासावं.

कागदाला तारीख लावण्याची युक्ती मला या अभ्यासात सापडली आणि तिने वेडच लावलं. समजा, लोकलमधल्या मंडळींचं एक वर्णन हाती आलं, त्यावर साल नाही. त्यात फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते आणि पोरं आरोळ्या ठोकतात. हा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा १९१६ साली झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकलचा त्या बोगद्यातून जाण्याचा रस्ता बदलला. म्हणजे ते दृश्य २०२२ च्या आधीचं. एका आरोळीने तारीख सांगितली! स्टेशनच्या नावांवर मात्र इतका भरवसा ठेवता येत नाही. व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं, तरी डब्यात आजही "व्हीटीला उतरणार" ऐकू येतं. छापील पाटी एका दिवसात बदलते. तोंडातलं नाव पिढीभर टिकतं.

सिनेमाही साक्षीदार आहे, पण वेगळ्या खटल्याचा. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' २००५ साली आला. त्यातला माधव आपटे रोजच्या गाडीच्या घुसमटीतून उसळून उठतो. लोकलमधली माणसं खरोखर कशी वागतात हे त्यातून ठरवता येणार नाही. त्या काळातल्या मध्यमवर्गाला स्वतःबद्दल काय वाटत होतं, याचं इतकं धारदार चित्र मात्र दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सगळ्यांत जास्त मी रमले ती गाडीतल्या भजनी मंडळांत. देवळातलं भजन निवांत असतं. पेटी, पखवाज, टाळ, बुवा. नामाच्या गजराने सुरुवात, रूपाचे अभंग, मग गौळण, शेवटी भैरवी, आणि मध्ये रात्र कधी सरली कळत नाही. गाडीत तोच क्रम तासाभरात बसवायचा. पखवाज मांडायला जागा नाही, तेव्हा टाळ, टाळ्या, फार तर एखादी ढोलकी. दादरला निम्मे गळे उतरून जातात, त्यामुळे कोरसची बेरीज-वजाबाकी आधीच करावी लागते. चौरस मीटरला १४ माणसं असताना टाळ वाजवायला हात कुठे आणि कसा हलवायचा, ही विद्या कुठल्याच संगीताच्या ग्रंथात नाही.

ही परंपरा आली कुठून? माझा एक कयास आहे. गिरणगावातल्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेल्या चाकरमान्यांची भजनी मंडळं होती. दोन बुवांच्या जुगलबंदीची डबलबारी तिथे रात्र रात्र रंगायची. चाळी सोडून अनेक कुटुंबं ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर गिरणगावाचा कणाच मोडला. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये चाळीची गॅलरी नव्हती, आणि संध्याकाळ प्रवासातच संपत होती. तेव्हा चाळीतलं एकत्र बसणं गाडीच्या डब्यात आलं असावं. कयास मला प्रिय आहे, म्हणूनच त्याच्यावर माझी जास्त नजर हवी. गाडीतलं भजन संपाच्या कितीतरी आधीपासून होतं असे सबळ पुरावे मिळाले, किंवा मंडळांतले बहुतेक जण गिरणगावाशी संबंध नसलेले निघाले, तर कयास मोडेल. कशाने मोडेल हे आधीच लिहून ठेवणं ही मला मिळालेली सगळ्यांत चांगली शिकवण आहे.

यासाठी जुन्या मंडळींशी बोलावं लागतं. या कामाचा आदर्श आपल्याकडेच आहे: मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवला, तो २००४ साली ग्रंथरूपाने आला. बोस्टनच्या इटालियन वस्तीत राहून 'स्ट्रीट कॉर्नर सोसायटी' लिहिणाऱ्या विल्यम फूट व्हाइटला तिथल्या टोळक्याच्या म्होरक्याने सल्ला दिला होता की फार प्रश्न विचारू नकोस, नुसता आमच्यात बस, न विचारता उत्तरं मिळतील. डब्यात हे तंतोतंत लागू पडतं. वही काढली की माणसं छापील बोलतात: "आमच्यात कधी भांडण नाही." वही मिटली की त्याच तोंडून विंडोवरून वर्षभर चाललेला अबोला ऐकायला मिळतो. निवृत्त काकांच्या आठवणीत गर्दी कमी होते आणि सूर जास्त लागतो. त्यात खोटेपणा नाही. आठवणीची ती रीतच आहे. तारखेसाठी त्या आठवणीकडे जाऊ नये, प्रेमासाठी जरूर जावं.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी धावू लागली, आणि लशीचे दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना दारं उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ ला. त्या मधल्या काळात काही ग्रुप मोबाइलवर जगले, काही विरून गेले. कुणाची नोकरी घरी आली, कुणी निवृत्त झाला. जे विरले त्यांची कुठेच नोंद नाही. हे मला अस्वस्थ करतं, कारण आपल्या शहरांचा अर्धा इतिहास असाच नोंदीविना उतरून जातो.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात दसऱ्याला डब्यात काढलेला फोटो असेल, बाबांची भजनाची हस्तलिखित वही असेल, आईच्या ग्रुपच्या भिशीचा हिशेब असेल, जुने पास असतील, तर रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने साल, गाडीची वेळ, डबा आणि त्यातल्या माणसांची नावं लिहा. जे नक्की आठवत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. आणि आई-बाबा, मावशी-काका आज बोलायला समोर आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या: तुमची गाडी कोणती होती?