आपली माहिती, त्यांचा धंदा – भाग ६ : संमती एकीची, नंबर सगळ्यांचे

मागच्या भागात संमतीचं बटण पाहिलं. ते दाबणारा माणूस स्वतःपुरतं दाबतो, असं त्यात धरून चाललेलं असतं. मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात हा हिशेब जुळत नाही. म्हावरं विकणारी कोळीण आज टोपलीबरोबर व्हॉट्सॲपही सांभाळते. पापलेट-सुरमईचा फोटो टाकायचा, भाव कळवायचा, साफ करून हवं का विचारायचं. तिच्या फोनमध्ये गिऱ्हाइकं असतात, बर्फवाला, नाखवा, खलाशी असतात, उधारी थकवलेली बिऱ्हाडंही असतात. संपर्कांची परवानगी दिली की त्या यादीतले नंबर कंपनीच्या सर्व्हरशी ताडून पाहिले जातात, आणि तेही पुन्हापुन्हा. यादीतल्या एकालाही कुणी विचारलेलं नसतं. ज्याने व्हॉट्सॲप कधी घेतलंच नाही, त्याचाही नंबर त्यात आलाच.

व्हॉट्सॲपचं यावर म्हणणं असं की, न वापरणाऱ्यांचे नंबर आम्ही तसेच ठेवत नाही, त्यांचं सांकेतिक रूप करून मूळ नंबर पुसतो. आयर्लंडच्या माहिती-संरक्षण आयोगाला आधी हे पटलं होतं. युरोपीय माहिती-संरक्षण मंडळाने मात्र ते फेटाळलं आणि हे सांकेतिक रूपसुद्धा व्यक्तिगत माहितीच ठरवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीला २२.५ कोटी युरोंचा दंड झाला. वापरणाऱ्यांना आणि न वापरणाऱ्यांनाही नीट कल्पना दिली नाही, हा त्यातला ठपका.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, मेसेज तर कुणी वाचत नाही, मग बिघडलं काय? मजकुराला कुलूप असतं हे खरंच आहे. पण कोण कुणाशी, केव्हा आणि किती वेळा जोडलेलं आहे हे मजकुराबाहेरच कळतं, आणि कोळीवाड्यासारख्या एकमेकांत गुंतलेल्या वस्तीचा धंदा-नात्यांचा नकाशा काढायला तेवढं पुरतं. दुसरं उत्तर जास्त उर्मट आहे: नको असेल तर वापरू नका. गिऱ्हाईकच तिथे असेल तर विकणारीने जायचं कुठे? भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॉट्सॲप-फेसबुकची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, तो नेमक्या याच मुद्द्यावर. व्हॉट्सॲपच्या २०१६ च्या धोरणात फेसबुकला माहिती देण्यास नकार देण्याची सोय जुन्या वापरकर्त्यांना तरी होती. २०२१ मध्ये तीही गेली, ‘मान्य करा नाहीतर सोडा’ एवढंच उरलं. अपिलात दंड कायम राहिला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र उठली. मला हा निकाल अर्धाच वाटतो.

आपल्या २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात एक बोलकं उदाहरण आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने ‘हो’ म्हटलं, तरी सल्ल्याला ती यादी लागत नसल्याने तेवढी संमती गणली जात नाही. उदाहरण उत्तम, पण ते रुग्णापाशीच थांबतं. यादीतल्या माणसांचं काय, यावर ते गप्प आहे. म्हणून माझा आग्रह विचारण्यापेक्षा कमी घेण्यावर आहे. ज्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचा, त्याचाच नंबर ॲपने घ्यावा. निवडक संपर्कच दाखवण्याची सोय काही फोनमध्ये आली आहे, पण ती आपण होऊन निवडावी लागते. ती आधीपासून चालू असावी, आणि अख्खी यादी हवी असेल तर कारण कंपनीने द्यावं.

पुढच्या आठवड्यात : टोपलीशेजारचा क्यूआर कोड.