जनुकांची भावकी आणि प्रजातींची वंशावळ

सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेल्या बाळाला पहिले पाच-सहा महिने सहसा काहीच त्रास होत नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम केलेल्या डॉक्टरांच्या हे चांगले परिचयाचे आहे. दोष असतो बीटा ग्लोबिनच्या जनुकात. पण आईच्या पोटात आणि जन्मानंतर काही महिने बाळाचे हिमोग्लोबिन बनते ते गॅमा या दुसऱ्या जनुकाच्या मदतीने. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते.

एकाच कामासाठी इतकी जनुके आली कुठून? पिढ्यान्‌पिढ्या जनुकांची नक्कल होताना कधीतरी एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते. मग दोन्ही प्रती आपापल्या वाटेने बदलत जातात; काही कायमच्या नाहीशाही होतात. सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी अशाच घटनेतून अल्फा आणि बीटा या शाखा वेगळ्या झाल्या. माणसाच्या अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्ले असतात. घोड्याच्या अल्फा साखळीशी ती ताडून पाहिली तर फरक फक्त १८ ठिकाणी दिसतो. आपल्याच बीटा साखळीशी ताडली तर निम्म्याहून अधिक ठिकाणी! म्हणजे एकाच रक्तपेशीत नांदणाऱ्या या दोन साखळ्या दूरच्या भाऊबंद आहेत.

घोळ होतो तो इथेच. समजा, माणसाची आणि कोंबडीची अल्फा साखळी घेतली, पण घोड्याची मात्र बीटा घेतली, तर माणूस आणि कोंबडी जवळचे नातलग ठरतील आणि घोडा परका! जनुकाची वंशावळ म्हणजे प्रजातीची वंशावळ नव्हे.

यावर अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठाचे मॉरिस गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये, ग्लोबिनचेच उदाहरण घेऊन, एक मार्ग दाखवला. जनुकांची वंशावळ प्रजातींच्या वंशावळीवर बसवून पाहायची आणि ती जुळण्यासाठी किती वेळा जादा प्रत पडली, किती वेळा ती हरवली असे मानावे लागते, ते मोजायचे. ज्या वंशावळीत ही बेरीज सर्वांत कमी, ती स्वीकारायची. आम्ही डॉक्टरही शक्यतो सगळी लक्षणे एकाच आजाराने समजतात का, हे आधी पाहतो. विचार तोच.

पण अशी वंशावळ शोधणे सोपे नाही. १० प्रजातींच्या ३ कोटी ४४ लाखांहून अधिक वंशावळी संभवतात. २० प्रजातींसाठी हा आकडा आठावर २१ शून्ये इतका होतो. एकेक तपासणे महासंगणकालाही शक्य नाही, आणि अचूक उत्तर हमखास झटपट देणारी रीत आजवर सापडलेली नाही. म्हणून गणितज्ञांनी ‘सन्निकट’ उत्तराच्या रीती शोधल्या. त्या सर्वोत्तम उत्तर देतीलच असे नाही, पण ते किती चुकू शकते याची मर्यादा आधीच सिद्ध केलेली असते. उदाहरणार्थ, हमी दुपटीची असेल आणि खरी किमान बेरीज १० असेल, तर हाती आलेली बेरीज २० च्या वर जाणार नाही. मात्र ही हमी बेरजेची आहे. निसर्गात नेमके तसेच घडले, याची नव्हे. त्यामुळे जीवाश्म आणि इतर जनुकांचा पुरावा पाहावाच लागतो.

याचा रुग्णाशी काय संबंध? आपले गॅमा जनुक गर्भावस्थेत काम करते, ते माकडे, वानर आणि माणूस यांच्या वंशात. उंदरात गर्भावस्थेचे असे वेगळे हिमोग्लोबिनच नसते. म्हणून सिकलसेलच्या प्रयोगांसाठी उंदरात माणसाची ग्लोबिन जनुके घालावी लागतात. ‘हेच जनुक प्राण्यातही सापडले, आता औषध दूर नाही’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: ते खरोखर तेच जनुक आहे, की त्याचा दूरचा भाऊबंद?