मिटलेल्या लॅपटॉपला कसे कळते?

शाळांना भेटी देताना एक दृश्य आम्हाला वारंवार दिसते. कपाटावर एखादा लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. चौकशी केली की उत्तर मिळते, "पडदा फुटलाय, आता काही उपयोग नाही." अशाच एका शाळेत आम्ही तो खाली काढला, पुसला आणि त्याला प्रयोगशाळेतल्या जुन्या मॉनिटरची केबल जोडली. मॉनिटरवर स्वच्छ चित्र उमटले. म्हणजे फुटला होता तो फक्त पडदा, संगणक धडधाकट होता. आता फुटका पडदा झाकावा म्हणून आम्ही झाकण मिटले, तर मॉनिटरवरचे चित्रही गेले. नववीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "झाकण लागलं हे त्याला कळलं कसं? त्याला कुठे डोळे आहेत?"

प्रश्न नेमका होता. उत्तर शोधायला प्रयोगशाळेतील चुंबकसूची पुरते. ती झाकणाच्या कडेने हळूहळू सरकवत नेली की एखाद्या ठिकाणी एकदम वळते. तेथे आत लहानसा चुंबक बसवलेला असतो. (स्पीकरमध्येही चुंबक असतात, त्यामुळे सूची एकाहून अधिक जागी वळेल.) झाकण मिटले की हा चुंबक कीबोर्डच्या बाजूला असलेल्या एका छोट्या संवेदकासमोर येतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा संवेदक 'हॉल परिणामा'वर चालतो.

या परिणामामागची हकिगत शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे. एडविन हॉल हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधन करणारा विद्यार्थी. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेवर बल कार्य करते हे तेव्हा माहीत होते. पण ते बल तारेवर असते, तिच्यातील प्रवाहावर नव्हे, असे मॅक्सवेलच्या ग्रंथात म्हटले होते. हॉलला ते पटेना. 1879 मध्ये त्याने सोन्याच्या अतिशय पातळ वर्खातून प्रवाह सोडला आणि तो वर्ख विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला. प्रवाहाच्या आडव्या दिशेने, वर्खाच्या दोन कडांमध्ये, सूक्ष्म विभवांतर निर्माण झालेले त्याला आढळले. चुंबकीय क्षेत्र प्रवाहालाच एका कडेकडे ढकलत होते. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून 18 वर्षे अवकाश होता!

धातूंमध्ये हे विभवांतर फार अल्प असते, अर्धवाहकांत मात्र ते बरेच मोठे मिळते. म्हणून संवेदकात अर्धवाहकाची चकती वापरतात. चुंबक जवळ आला की विभवांतर वाढते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की संवेदक 'झाकण मिटले' असा संकेत देतो. 'झाकण उघडले' हा संकेत मात्र क्षेत्र त्याहून बरेच कमी झाल्यावरच मिळतो. दोन्ही मर्यादा सारख्या ठेवल्या असत्या, तर झाकण किंचित हलले तरी संगणक क्षणात झोपला आणि क्षणात उठला असता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संवेदक फक्त बातमी देतो. ती बातमी मदरबोर्डवरील एका छोट्या नियंत्रकामार्फत विंडोज किंवा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीपर्यंत पोहोचते. झोपायचे की जागे राहायचे, हा निर्णय कार्यप्रणालीचा. आणि तो आपल्याला बदलता येतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटल्यावर काय करावे हे ठरवण्याची सोय आहे. तेथे 'डू नथिंग' निवडले की झाले. बॅटरीवर असताना आणि विजेवर असताना अशा दोन वेगळ्या निवडी तेथे असतात. विजेवरची बदलली तरी आपले काम भागते. मग झाकण मिटल्यावर फुटका पडदा हिशेबातून वगळला जातो आणि सारे चित्र मॉनिटरवर येते.

पण मॉनिटर जोडलेला आहे हे तरी लॅपटॉपला कसे कळते? एचडीएमआय केबलच्या टोकात 19 पिना असतात. 18 क्रमांकाच्या पिनेवर लॅपटॉप 5 व्होल्टचा दाब पाठवतो. मॉनिटर तोच दाब एका रोधातून 19 व्या पिनेवर परत देतो. दाब परत आला, म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे! त्यानंतर लॅपटॉप मॉनिटरच्या स्मृतीतून निदान 128 बाइटची ओळखपत्रिका वाचतो. मॉनिटर कोणत्या कंपनीचा, कोणत्या साली तयार झालेला, किती बिंदूंचे चित्र दाखवू शकणारा, हे सारे तीत असते. काही मॉनिटर बंद असताना हा दाब परत देत नाहीत. म्हणून मॉनिटर आधी सुरू करावा आणि लॅपटॉप नंतर.

राहिला प्रश्न मिटलेला लॅपटॉप सुरू करण्याचा. तो नुसता झोपलेला असेल, तर त्याची स्मृती आणि काही मंडले वीज घेत असतात. अशा वेळी बाहेरून जोडलेल्या कीबोर्डची कळ दाबली की बहुधा तो जागा होतो. पूर्ण बंद केला असेल, तर वीज फक्त त्या छोट्या नियंत्रकापुरती चालू असते, आणि तो सुरू करण्याच्या बटणाकडे लक्ष ठेवून असतो. हे बटण बहुधा झाकणाखाली असते. तेव्हा झाकण थोडे उचलावे, बटण दाबावे आणि पुन्हा मिटावे. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय असते, तीही पाहावी.

दोन सूचना. काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात, तेव्हा झाकण मिटून तासन्‌तास काम करताना तो तापत नाही ना, हे पाहावे. आणि बॅटरी फुगून तळ उचलला गेला असेल, तर असा लॅपटॉप मुळीच चालू करू नये.

त्या शाळेतला लॅपटॉप त्याच दुपारी प्रयोगशाळेच्या टेबलावर आला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने चुंबकसूची फिरवून झाकणातल्या चुंबकाची जागा शोधली आणि तेथे खडूने एक फुली मारली. आपल्याही शाळेच्या कपाटावर असा लॅपटॉप असेल, तर भंगारात देण्यापूर्वी एकदा खाली काढून पाहावा.