विश्लेषण : लग्नातला स्पीकर ‘डब्यातून’ का बोलतो? वॅट वाढवण्याआधी बॉक्स का आवळावा?

आखाजी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडे लग्नांची घाई सुरू होते. मांडवात मंगलाष्टके चालू असतात, पण शेवटच्या रांगेला फक्त ‘सावधान’ तेवढे कळते. आहेराची नावे पुकारली जातात, ती कोणाची हे कोणालाच समजत नाही. मग साउंडवाल्याला निरोप जातो की आवाज वाढवा. आवाज वाढतो आणि शब्द होते तसेच गढूळ राहतात. पुढच्या हंगामात तोच साउंडवाला कर्ज काढून मोठा ॲम्प्लिफायर घेतो, तरी तक्रार कायम राहते. अनेकदा दोष ॲम्प्लिफायरचा नसून ज्या लाकडी बॉक्समध्ये स्पीकर बसवला आहे त्या बॉक्सचा असतो.

बॉक्स कसा ‘बोलतो’?

स्पीकरचा कोन पुढे-मागे हलतो तेव्हा पुढच्या हवेइतकाच जोर तो मागे, बॉक्समधल्या हवेवरही टाकतो. शिवाय स्पीकरची लोखंडी चौकट स्क्रूने प्लायला आवळलेली असते, त्यामुळे हादरा थेट लाकडात उतरतो. बॉक्सच्या भिंती थरथरू लागतात आणि त्यांचाही आवाज बाहेर पडतो.

भिंतींची थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण त्यांचे क्षेत्रफळ मोठे असते. १८ इंची स्पीकरच्या कोनाचे क्षेत्रफळ साधारण ०.१२ चौरस मीटर भरते. तो ज्या बॉक्समध्ये बसतो तो ६० × ५० × ७० सेंटिमीटरचा धरला, तर त्याच्या सहा बाजू मिळून २ चौरस मीटरहून जास्त होतात, म्हणजे कोनाच्या १७ पटींहून अधिक. इतकी मोठी भिंत थोडी जरी हलली तरी ऐकू येते.

शब्दच का हरवतात?

प्रत्येक फळीची थरथरण्याची स्वतःची एक लय असते. १८ मिलिमीटर प्लायची ६० × ४० सेंटिमीटरची आधार नसलेली फळी साधारण दोनशे ते चारशे हर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी घुमते. माणसाच्या आवाजाचा बराच भाग याच पट्ट्यात येतो. शिवाय स्पीकरचा कोन थांबल्यावरही फळी क्षणभर घुमत राहते. क, त, प, स यांसारखी व्यंजने अल्पकाळची आणि हलकी असतात. आधीच्या स्वराचे घुमणे त्यांच्यावर पसरले की ‘पाटील’ आणि ‘पाटे’ यांतला फरक मिटतो.

आवाज वाढवल्यावर स्पीकरबरोबर फळीचे घुमणेही त्याच प्रमाणात वाढते. चहात मीठ पडले असेल तर कप मोठा घेऊन चव सुधारत नाही, तसाच हा प्रकार. त्यात कानाला आवाज दुप्पट वाटायला ढोबळमानाने दहापट वॅट लागतात. म्हणजे खर्च दहापटीकडे जातो आणि गढूळपणा तेवढाच राहतो.

जाड प्लाय की आतून आधार?

बॉक्स ‘वाजतो’ म्हटले की जाड प्लाय लावायचा, हा नेहमीचा उपाय. फळीची जाडी दुप्पट केली तर तिची घुमण्याची लय साधारण दुप्पट वर जाते, पण वजनही दुप्पट होते. ६० × ४० ची १८ मिमी फळी सुमारे तीन किलोची असते. एका बाजूमागे तीन किलो वाढले, तर टेम्पोत बॉक्स चढवणाऱ्या पोरांची पाठ जाते.

त्यापेक्षा आतून आधार देणे, ज्याला साउंडवाले ब्रेसिंग म्हणतात, ते स्वस्त पडते. त्याच फळीच्या आत लांबीच्या दिशेने मधोमध भक्कम आधार दिला, तर ४० सेंटिमीटरची रुंदी २०-२० मध्ये विभागली जाते आणि आदर्श हिशेबात लय तिपटीच्या आसपास वर जाते. प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, पण वाढलेले वजन अर्ध्या किलोच्या आत राहते. तोच आधार आडवा, म्हणजे लांबीचे दोन भाग करणारा लावला, तर लय जेमतेम दुपटीपर्यंत जाते. म्हणून आधार लांबीच्या दिशेने द्यावा.

सुताराला आणखी चार गोष्टी सांगाव्यात. रीप झोपवून न ठोकता धारेवर उभी लावावी. ५ × २ सेंटिमीटरची रीप उभी लावल्यास आडवीपेक्षा सहापट ताठ राहते. ती अगदी मध्यावर न लावता थोडी बाजूला सरकवावी, म्हणजे दोन्ही भाग एकाच सुरात घुमत नाहीत. समोरासमोरच्या दोन भिंती एकमेकींना जोडणारा आडवा दांडा मिळाला तर उत्तमच, कारण दोन्ही भिंती एकमेकींना धरून ठेवतात. आणि नुसत्या खिळ्यांवर न सोडता गोंद व स्क्रू दोन्ही वापरावेत. खराब रस्त्यांवरच्या खेपांत नुसता खिळा सैल होतो आणि मग आधारच खडखडू लागतो.

डॅम्पिंग म्हणजे काय?

ब्रेसिंगमुळे घुमणे वरच्या सुरात सरकते, संपत नाही. फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या बेसच्या बॉक्सला तेवढे पुरते. त्याला शंभर हर्ट्झपर्यंतच काम असते आणि फळी त्याच्या बरीच वर गेली की तिला चेतवणारे फारसे काही उरत नाही. बोलण्या-गाण्याचा ‘टॉप’ मात्र शंभर हर्ट्झपासून कित्येक हजारांपर्यंत वाजतो, त्यामुळे तिथे फळीची लय त्याच्या टप्प्याबाहेर नेता येत नाही. अशा बॉक्समध्ये थरथर जिरवावी लागते आणि त्यालाच डॅम्पिंग म्हणतात.

भजनी मंडळातल्या माणसाला हे तत्त्व ओळखीचे आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावली की त्याचा सूर खाली येतो आणि झंकार आवरतो. बॉक्समध्ये हेच काम डांबरी शीट करते, जी गाड्यांच्या दारांना आतून चिकटवतात. फळी वाकली की शीट ताणली जाते आणि थरथरीची शक्ती किंचित उष्णतेत बदलून विरते.

ब्रिटनच्या बीबीसीच्या संशोधन विभागात हार्वुड आणि मॅथ्यूज यांनी यावर काम केले. त्यांचा अहवाल १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. जाड पण कोरड्या फळीपेक्षा पातळ आणि नीट डॅम्पिंग केलेली फळी कानाला कमी खटकते, हे त्या कामाचे सार. बीबीसीच्या प्रसिद्ध ‘एलएस३/५ए’ या छोट्या स्पीकरचा बॉक्स १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायचा होता आणि त्याच्या आत डांबरी पट्ट्या होत्या. त्याआधी, १९५०च्या दशकात, व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी दोन फळ्यांच्या मध्ये वाळू भरली होती. वाळूचे कण एकमेकांवर घासून थरथर मारतात. मंदिरात कायमच्या बसवलेल्या बॉक्सला हा उपाय चालेल, टेम्पोत फिरणाऱ्याला झेपणार नाही.

खान्देशच्या उन्हात काय टिकते?

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. उघड्या टेम्पोतला काळा बॉक्स त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि नेमका तोच लग्नांचा हंगाम असतो. उष्णतेने डांबरी शीट मऊ पडते आणि नुसती चिकटवलेली असेल तर घसरून स्पीकरवर येऊ शकते. म्हणून तिला कडेने छोटे स्क्रू किंवा पिना माराव्यात. दुसरा मार्ग ‘सँडविच’चा. दोन पातळ प्लायमध्ये सुकल्यावरही लवचिक राहणारा रबरी गोंद भरायचा. फळ्या वाकताना मधला थर घासला जातो आणि थरथर तिथेच जिरते.

कापूस भरला की झाले का?

कापसाच्या मुलखात हा उपाय सहज सुचतो, आणि तो चुकीचाही नाही, मात्र त्याचे काम निराळे आहे. कापूस किंवा ग्लासवूल बॉक्सच्या आत हवेत उसळणारा आवाज शोषतो. फळीची थरथर त्याने थांबत नाही. बॉक्सला हवा जाण्याचे भोक असेल तर ते कापसाने बुजवू नये, आणि स्पीकरच्या मागची हवा घेण्याची जागाही मोकळी ठेवावी. कापूस पेट घेतो, म्हणून वायरींच्या जोडांपासून तो लांब ठेवावा. ग्लासवूल हाताळताना तोंडाला कापड बांधावे आणि बॉक्समध्ये ते कापडाच्या आवरणात ठेवावे.

बॉक्स कसा तपासावा?

बाजारात मडके वाजवून घेतात आणि खणखणीत वाजले तर पसंत करतात. बॉक्सचा हिशेब उलटा आहे. प्रत्येक बाजूला बोटाच्या पेराने ठोकावे. ‘टक्’ आवाज आला तर ठीक, ‘ढुम्म्’ आला तर त्या बाजूला आधार हवा.

मोबाइलवर टोन जनरेटरचे ॲप घेऊन आवाज लहान ठेवावा आणि ५० ते ५०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवावा. बॉक्स आडवा पाडून वरच्या बाजूवर चिमूटभर रवा किंवा रांगोळी टाकली तर ज्या सुराला फळी घुमते तिथे कण उडू लागतात. ते जिथे उसळतात तिथे आधाराची गरज आहे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी यांनी अठराव्या शतकात पत्र्यावर वाळू टाकून हेच दाखवले होते. याच वेळी सैल जाळी, हँडल, चाके आणि मागची कनेक्टरची पाटीही खडखडते का ते पाहावे.

दरवेळी दोष बॉक्सचाच असतो असेही नाही. बॉक्सपासून मीटरभर अंतरावर उभे राहून शब्द स्पष्ट येत असतील आणि लांब गेल्यावर गढूळ होत असतील, तर मंगल कार्यालयाचे पत्र्याचे छत, उघड्या भिंती किंवा बॉक्सची जागा कारणीभूत असते. जवळूनही डब्यातून बोलल्यासारखे वाटले, तर आधी माइक बदलून पाहावा आणि मग बॉक्स उघडावा.

कायद्याशी याचा संबंध काय?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे तिथे हद्दीवर ६५ पर्यंतच मुभा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

म्हणजे आवाज वाढवण्याला वरून छप्पर आहे. कानबाईची मिरवणूक असो, हरिनाम सप्ताह असो की आखाजीचे लग्न, त्या मर्यादेत राहून शब्द पोहोचवायचे असतील तर आवाज स्वच्छ असावा लागतो. बॉक्स आवळल्याने शेजारच्या घराच्या खिडक्या थरथरायच्या थांबणार नाहीत. तो हादरा बेसचा असतो, हवेतून जातो आणि आवाज कमी केल्यानेच कमी होतो. मात्र शब्द कमी आवाजातही कळू लागले, तर तो वाढवा म्हणणाऱ्यांची संख्या घटते. चार रिपा, गोंद आणि सुताराची एक दिवसाची मजुरी एवढ्या खर्चात हे जमत असेल, तर नव्या ॲम्प्लिफायरचे कर्ज काढण्याआधी बॉक्स उघडून पाहायला हरकत नाही.