झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजा

कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. तुमचा कुत्रा गाढ झोपला की मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि त्याच्या बरगड्यांकडे बघा. छाती वर गेली, खाली आली, की एक श्वास. शांत झोपेत हा आकडा साधारण 30च्या आत असतो. पाय हलत असतील, झोपेत बारीक भुंकत असेल, तर थांबा. तो स्वप्नात आहे, तेव्हाचा आकडा धरू नका. पण शांत झोपेतही आकडा सतत 30च्या वर जात असेल, तर डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या आजाराची चाहूल कधीकधी खोकल्याच्याही आधी इथे लागते.

तो कसा झोपतो तेही बघा. पोट वर करून पसरला असेल तर बहुतेक निवांत आहे किंवा त्याला उकडतंय. अंगाचं मुटकुळं केलं असेल तर ऊब धरतोय. म्हातारा कुत्रा फरशीवरून उठताना अडखळतो, कोपरांना घट्टे पडतात. त्याला जाड गादी द्याच.

आणि थकूनही आडवा होत नसेल, कोपरं बाहेर काढून मान ताणून बसत असेल, तर त्याला श्वास पुरत नाहीये. सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.