दोघं, एकवीस दिवस, पाच शहरं!

ग्रुप नाही, टूर मॅनेजर नाही, ‘चला चला, बस सुटली’ म्हणणारं कुणी नाही. नगरचं एक ‘वीकएण्ड’ जोडपं युरोपला निघतं, तेव्हा...

युरोप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक सिनेमातलं : स्विस बर्फात शिफॉनच्या साडीत न कुडकुडणारी हिरॉइन. दुसरं ओळखीतल्या काका-काकूंच्या अल्बममधलं : थोडक्या दिवसांत ढीगभर देश, आयफेल टॉवरसमोर चाळीस जणांचा ग्रुप फोटो आणि रात्री गरमागरम वरण-भात! यात वाईट काहीच नाही. मराठी माणसाला युरोप दाखवला तो याच टूर्सनी. पण नवरा-बायकोला आयफेल टॉवरपेक्षा एकमेकांसाठी वेळ हवा असेल, तर?

आमची केस अशीच होती. नवरा सुपा एमआयडीसीत प्रॉडक्शन इंजिनीअर, घर नगरला सावेडीत. माझ्या मीटिंग्ज, मुलाखती, डेडलाइन्स सगळं पुण्यात, म्हणून कोथरूडला मैत्रिणींसोबत फ्लॅट. शुक्रवारी संध्याकाळी वाकडेवाडीहून एसटी पकडायची, सोमवारी पहाटे परत. नगर-पुणे रोडवर असे वीकएण्ड नवरा-बायको ढिगानं सापडतील. एकदा सहज हिशेब केला. लग्नाच्या तीन वर्षांत आम्ही सलग एकत्र राहिलो ते जास्तीत जास्त सहा दिवस. तेही दिवाळीत, घरात अकरा माणसं असताना!

फ्लॅट की फ्लाइट?

फ्लॅटसाठी आम्ही पाच लाख साठवले होते. ते मोडून युरोपला जायचं म्हटल्यावर घरात जे व्हायचं तेच झालं. सासरे म्हणाले, ‘‘एवढ्यात बुकिंग होतं. युरोप काय पळून चाललाय?’’ मुद्दा बिनतोड होता. पण सासूबाईंनी पोळी लाटता लाटता निकाल दिला, ‘‘जाऊ द्या हो त्यांना. आपण दोघंच असे शिर्डीच्या पुढे कधी गेलो?’’ विषय संपला.

२०२५च्या मे महिन्यात निघालो. पॅरिस पाच रात्री, अ‍ॅम्स्टरडॅम चार, बर्लिन चार, प्राग तीन, व्हिएन्ना चार. शहरं मुद्दाम पाचच ठेवली आणि सगळा प्रवास ट्रेननं. बर्लिन ते प्राग साडेचार तासांत. नगरहून मुंबईला एसटीनं जाताना यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मध्ये वडापावचा स्टॉप! कागदपत्रांत एक गंमत झाली. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव अहमदनगर आणि बँकेच्या नव्या कागदावर अहिल्यानगर, कारण २०२४ मध्ये नाव बदललं. मग ‘ही दोन्ही गावं एकच’ असं सांगणारं पत्र व्हिसाच्या अर्जाला जोडलं.

पॅरिस : पहिलं भांडण

नवऱ्याकडे एक्सेल शीट होती. तासातासाचा हिशेब, वेगवेगळ्या रंगांत. माझ्याकडे कुठेतरी बसून राहण्याची इच्छा होती. लूव्हरमध्ये दुसऱ्या तासाला ठिणगी पडली.

‘‘तू फोटो काढायला आलायस की बघायला?’’

‘‘आणि तू बघायला आलीयस की बसायला?’’

तिथून सीन नदीच्या काठानं नॉट्रदामपर्यंत आम्ही एक शब्दही न बोलता चाललो. २०१९च्या आगीत होरपळलेलं हे कॅथीड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आतला दगड इतका स्वच्छ, उजळ झालाय की आठशे वर्षांचं वय खरं वाटत नाही. एरवी मी ‘‘बघ ना!’’ म्हणून त्याचा दंड धरला असता. त्या दिवशी दोघांनी वेगवेगळ्या बाकांवर बसून पाहिलं.

घरी भांडण झालं की मी स्वयंपाकघरात सासूबाईंकडे, तो मित्रांकडे चहाच्या टपरीवर. तेवढ्यात सोमवार उजाडतो आणि एसटी येते. आमची कितीतरी भांडणं त्या एसटीनं मिटवली आहेत, खरं तर पुढे ढकलली आहेत! इथे सोमवार नव्हता. होती एक चिमुकली खोली आणि उरलेल्या अठरा रात्री. शेवटी रात्री अकराला सुपरमार्केटमधला ब्रेड आणि घरची शेंगदाण्याची चटणी खाता खाता तह झाला. प्रत्येक शहरात एक अख्खा दिवस ज्यानं त्यानं एकट्यानं फिरायचं आणि रात्री जेवताना एकमेकांना सांगायचं.

आपल्याकडे याचं एक मोठं उदाहरण आहे. १९५८ मध्ये पु. ल. देशपांडे टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, सोबत सुनीताबाई होत्या. इंग्लंड, स्कॉटलंड, पॅरिस दोघांनी मिळून पाहिलं. त्यातून आलेलं ‘अपूर्वाई’ १९६० पासून मराठी घराघरांत आहे. पण ते पुलंनी सांगितलेलं. त्याच सहजीवनाची सुनीताबाईंची बाजू मराठी वाचकांना मिळाली ती १९९० मध्ये, ‘आहे मनोहर तरी’मधून. आम्ही तीस वर्षं न थांबता ती रोज रात्री ऐकायची ठरवली, एवढंच.

अ‍ॅम्स्टरडॅम : १९४४चा उन्हाळा

अ‍ॅन फ्रँकचं घर मात्र दोघांनी एकत्र पाहिलं. जुलै १९४२ पासून आठ माणसं दोन वर्षं इथे लपून होती. पुस्तकांच्या कपाटामागचा तो अरुंद जिना चढताना सगळे आपोआप गप्प होतात. अ‍ॅनची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ची. तीन दिवसांनी तिला पकडून नेलं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, ‘‘तेव्हा आपल्या किल्ल्यात नेहरू होते ना?’’ होते! ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे मोठे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते, आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं गेलं ते एप्रिल ते सप्टेंबर १९४४ मध्ये. म्हणजे त्या एकाच उन्हाळ्यात एक मुलगी इथे आणि एक पन्नाशीचे गृहस्थ आमच्या गावात, दोघंही बंद दाराआड लिहीत बसले होते. शाळेची सहल किल्ल्यावर गेली तेव्हा आम्ही फक्त डबे खाल्ले होते. किल्ला खऱ्या अर्थानं दिसला तो अ‍ॅम्स्टरडॅमला.

दुसऱ्या दिवशी मी व्हॅन गॉग म्युझियममध्ये आणि तो झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या बघायला. रात्री टिश्यू पेपरवर चित्रं काढून त्यानं समजावलं की वाऱ्यावर गोल फिरणारं पातं क्रँकच्या मदतीनं करवत वर-खाली कसं चालवतं, आणि डचांनी त्यावर लाकूड कापून जहाजं कशी बांधली. अर्धा तास बोलत होता. तीन वर्षं मी त्याच्या कामाबद्दल फक्त ‘शिफ्ट’, ‘टार्गेट’ आणि ‘ब्रेकडाऊन’ हे तीन शब्द ऐकले होते. या माणसाला यंत्रं इतकी आवडतात हे मला तेव्हा कळलं!

बर्लिन : एका रात्रीत भिंत

बर्नाउअर श्ट्रासं या रस्त्यावर बर्लिन भिंतीचं स्मारक आहे. इथली घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि समोरचा फुटपाथ पश्चिमेत. १३ ऑगस्ट १९६१ला, एका शनिवार-रविवारच्या रात्रीत सीमा बंद झाली. लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या, मग खिडक्याही विटांनी बुजवल्या. अठ्ठावीस वर्षं माणसं आपल्याच माणसांपासून तुटली. तिथून हॉटेलकडे येताना नवरा एवढंच म्हणाला, ‘‘आणि आपल्याला कुणी अडवलेलं पण नाही.’’ मी उत्तर दिलं नाही. पण ते वाक्य पुढच्या ट्रेनमध्येही आमच्यासोबत होतं.

प्राग सुंदर, स्वस्त आणि तुफान गर्दीचं. १४१०चं खगोलीय घड्याळ अजून चालतं. तासाला खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात आणि खाली शेकडो मोबाइल वर होतात. पुढे चला.

व्हिएन्ना : दोन कॉफी, एक निर्णय

व्हिएन्नात एका कॉफीवर तीन तास बसा, कुणी बिल आणून आदळत नाही. इथली कॉफीहाउस संस्कृती २०११ पासून ऑस्ट्रियाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. इथेही नगर कनेक्शन निघालंच! ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’वाला हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक. १९३९ मध्ये इंग्रजांनी त्याला कराचीत पकडलं आणि डेहराडूनच्या आधी नगरच्या छावणीत ठेवलं. तिबेटला पळाला तो डेहराडूनहून.

तिथेच मी विषय काढला. पुण्यात फ्लॅट घेतला तर रोज दोनदा नगर रोड कोण मारणार? त्यानं नोकरी सोडायची की मी काम? हा प्रश्न घरी कधीच पुरा झाला नव्हता, कायम रविवारी रात्री सुरू व्हायचा. यावेळी आमच्याकडे वेळ होता, कागद होता आणि वीस दिवस रोज बोलायची सवय लागली होती. उत्तर निघालं : शिरूर! पुणे आणि सुपा यांच्या मधलं गाव. तो रोज कंपनीत जाईल, मी आठवड्यातून दोनदा पुण्यात. विकत काही नाही, साधा भाड्याचा वन बीएचके.

ऑगस्टपासून आम्ही शिरूरला राहतोय. भांडणं होतात, आणि आता ती त्याच दिवशी संपवावी लागतात. सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी घरभर फेरी मारली आणि विचारलं, ‘‘पाच लाखांत हे मिळालं?’’ आम्ही हो म्हणालो.

बॅग भरण्याआधी

* व्हिसा : एकाच शेंगेन व्हिसावर २९ देश. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून फी ९० युरो, सेवाशुल्क वेगळं.
* इन्शुरन्स : किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर सक्तीचं.
* तिकिटं : अ‍ॅन फ्रँकच्या घराची फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी. लूव्हरला जानेवारी २०२६ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना ३२ युरो.
* स्वस्तात मस्त : व्हिएन्ना स्टेट ऑपेराची उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात.
* खाऊ : चिवडा, मेतकूट, चटणी बिनधास्त न्या. तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे.
* आणि हो : एक दिवस वेगवेगळं फिरा. रात्री बोलायला काहीतरी हवं ना!